हिरवा पडदा आणि हिरवी ओढणी

आमच्या लहानपणी उरुसात फोटोवाल्याचा तंबू लागायचा. आत कापडावर रंगवलेला ताजमहाल. अब्बांनी आम्हा भावंडांना त्याच्यापुढे उभं करून काढलेला फोटो अजून अम्मीच्या पेटीत आहे. आग्रा मात्र आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नाही. आजचा हिरवा पडदा त्याच जातीचा. फरक इतकाच की ताजमहाल आधी रंगवायचा नसतो, नंतर मोबाइलमध्ये किंवा संगणकात मागे बसवायचा असतो.

गेल्या हिवाळ्यात जांब समर्थला आठवीच्या मुलांनी जालना जिल्ह्याची ओळख करून देणाऱ्या छोट्या चित्रफिती करायचं ठरवलं. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. मूल बोलणार आणि मागे नदी दिसणार, अशी कल्पना. एक रिकामी खोली मिळाली. गणवेश निळा, म्हणून आम्ही हिरवं कापड आणलं, भिंतीवर खिळे ठोकून ताणलं, वरचा बल्ब लावला आणि मुलाला पडद्याला टेकून उभं केलं.

पहिली चित्रफीत पाहून मुलं पोट धरून हसली. मुलाच्या सावलीच्या जागी नदीत काळा डाग, केसांभोवती हिरवी किनार, गालावर हिरवट झाक. कापडाच्या सुरकुत्यासुद्धा पाण्यात उमटल्या. चूक कापडाची नव्हती. आम्ही उजेडाचा विचारच केला नव्हता.

मोबाइलमधलं ॲप एकच काम करतं. ठरवून दिलेला हिरवा रंग शोधतं आणि तेवढा भाग पुसतं. पडदा एका कोपऱ्यात उजळ आणि दुसऱ्या कोपऱ्यात काळपट असला, तर त्याच्या लेखी ते दोन वेगळे रंग होतात. म्हणून पडद्याचा उजेड वेगळा आणि माणसाचा उजेड वेगळा, हा पहिला नियम. आम्ही कापडाला इस्त्री केली आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ट्यूबलाइट तिरकी लावली. मग पडद्याचा फोटो काढून तो मोबाइलमध्येच कृष्णधवल करून पाहिला. सगळीकडे सारखा राखाडी दिसला, म्हणजे उजेड सारखा पडला.

दुसरा नियम अंतराचा. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाज़िर’मध्ये मांडलं, की उजळलेल्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सगळ्या दिशांना सरळ रेषेत जातो. आमच्या मुलाच्या गालावर तेच घडत होतं. पडदा स्वतःच हिरवा उजेड फेकत होता. मुलाला सहा-सात फूट पुढे आणलं, तशी झाक गेली आणि सावलीही पडद्याऐवजी जमिनीवर पडली.

मग माणसाचा उजेड. समोरून, थोडा बाजूने आणि चेहऱ्याच्या वरून एक दिवा, त्याच्यापुढे थोडं अंतर राखून पांढरा पातळ कपडा. दुसऱ्या बाजूला पांढरा कार्डशीट, म्हणजे उजेड परतून गालावरची सावली मऊ होते. मागून एक लहान दिवा केसांवर आणि खांद्यांवर, म्हणजे कडा सुटी दिसते. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब मिसळू नये, चेहऱ्याचे दोन रंग होतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चित्र लुकलुकत असेल तर कॅमेऱ्याचा शटर १/५० किंवा १/१०० ठेवावा.

शनिवारी सगळं जमलं. गणवेश नव्हता, मुलं घरचे कपडे घालून आली होती. एक मुलगी बोलायला उभी राहिली. तिची ओढणी हिरवी. पडद्यावर तिचा चेहरा आणि हात राहिले, खांद्यांतून गोदावरी वाहू लागली. वर्ग हसला. आम्हीही हसलो, हे कबूल करायला हवं. म्हणालो, “सोमवारी दुसरी ओढणी घालून ये.”

सोमवारी ती दाराशीच उभी राहिली. ओढणी तीच. हळूच म्हणाली, “सर, घराबाहेर जायची ही एकच आहे. ईदला नानीनं घेतलेली.”

वीस वर्षं शिकवतोय आम्ही. तरी त्या क्षणी बोलायला शब्द सापडला नाही. यंत्राला पोरीचे खांदे दिसत नव्हते, ते समजण्यासारखं होतं. आम्हाला तिची अडचण दिसली नव्हती, त्याचं काय?

त्या दिवशी आम्ही पडदा बदलला. मुळात ही युक्ती निळ्या पडद्यावरच वाढली. १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या इंग्रजी चित्रपटात लॅरी बटलर यांनी ती वापरली आणि ऑस्कर मिळवलं. त्यात म्हैसूरकडचा आपला साबू होता. माणसाच्या कातडीत निळा आणि हिरवा रंग कमी, म्हणून हेच दोन पडदे चालतात. हिरवा पुढे आला तो डिजिटल कॅमेऱ्यामुळे. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी आखलेल्या आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेत निम्मे ठिपके हिरव्यासाठी असतात, निळ्याला फक्त पाव. म्हणून निळ्या पडद्याला उजेड जास्त लागतो.

तेवढा उजेड आमच्या ट्यूबलाइटांकडे नव्हता. मग मुलांनीच निळी चादर व्हरांड्यात ताणली. सकाळचं ऊन थेट येत नव्हतं, पण उजेड भरपूर आणि सगळीकडे सारखा होता. ती मुलगी नानीची ओढणी घेऊन गोदावरीबद्दल बोलली, न अडखळता. घरी नानीनं चित्रफीत पाहून विचारलं म्हणे, “तू नदीवर कधी गेलीस गं?”

आता दोन्ही पडदे घडी घालून कपाटात ठेवले आहेत. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी आम्ही मुलांना एकच विचारतो, उद्या कोण कोणत्या रंगाचं घालून येणार? पडदा त्यानंतर ठरतो.