सहलीच्या गाडीने राहावे कोठे?

चार चाकांवर बिऱ्हाड थाटून फिरण्याची हौस पुणेकरांनाही लागली आहे. झोपण्याची फळी, शेगडी व पाण्याची टाकी असलेली कारव्हॅन, किंवा केवळ कोकणच्या वाटेसाठी घेतलेली दुसरी थोरली मोटार, ही आता केवळ धनिकांची चैन राहिलेली नाही. या हौसेला आम्ही नाक मुरडणार नाही. नोकरदार माणसाने सुटीत मुलाबाळांसह समुद्र पाहावा, हे चांगलेच होय. राज्य सरकारनेही २०२१ साली कारव्हॅन पर्यटनाचे धोरण आखून अशा गाड्यांच्या मुक्कामासाठी उद्यानांची योजना मांडली. प्रवासातील रात्रींची ती तजवीज झाली. परंतु महिन्यातून चार दिवस फिरणारी गाडी उरलेले सव्वीस दिवस राहणार कोठे?

आज तिचे उत्तर बहुधा एकच असते : घरासमोरचा रस्ता. सोसायटीच्या आवारात तिला ठाव मिळणे कठीण. इमारतीखालची मोकळी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सर्व सभासदांची सामाईक होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईच्या एका प्रकरणात दिला. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसारही सभासदाला सामान्यतः एकच जागा मिळते. जागा शिल्लक उरल्या तरच दुसरी, आणि तीही वर्षाच्या बोलीने. हे न्याय्यच आहे. मात्र त्यामुळे दुसरी गाडी फाटकाबाहेर जाते आणि फळकुटाचे पांघरूण घेऊन पावसाळाभर तेथेच मुक्काम ठोकते. एका मोटारीला सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा लागते असे नियोजनकार धरतात. कारव्हॅनला त्याहून अधिक. पेठेतल्या वाड्यांत एवढ्याच खोलीत पाच-सहा माणसांचे संसार झाले आहेत, आणि त्यांनी भाडेही भरले आहे! रस्त्यावरची गाडी मात्र फुकट राहते, आणि शाळेच्या मुलांनी व काठी टेकत चालणाऱ्या वृद्धांनी तिला वळसा घालून भर वाहतुकीतून जावयाचे.

कायदा अगदीच मुका नाही. सार्वजनिक ठिकाणी दहा तास वा अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन हलविण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याने पोलिसांना दिला आहे. जागेच्या खऱ्या मोलाइतके पार्किंगशुल्क असावे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने सांगितले. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनेही २०१८ साली, बराच गदारोळ होऊन का होईना, पार्किंगचे धोरण मंजूर केले. तथापि केवळ दंडाचा बडगा उगारून भागणार नाही. गाडी उचलून नेली तर ती शेजारच्या गल्लीत उगवेल, एवढेच. परवडेल अशी जागा दाखविल्याखेरीज रस्ता मोकळा करा म्हणण्याला नैतिक बळ येत नाही.

अशी जागा देण्यास बहुमजली यांत्रिक वाहनतळ नको. उंच व जड कारव्हॅन त्यात मावणारही नाही. शहराच्या कडेला महापालिकेच्या ताब्यातील मोकळा भूखंड, त्यावर मुरूम टाकून केलेली पक्की जमीन, तारेचे कुंपण, दिवे, पाण्याचा निचरा आणि रात्रंदिवस पहारेकरी, एवढे पुरे. भाडे महिन्याच्या हिशेबाने व गाडीच्या लांबीप्रमाणे घ्यावे. त्यातून देखभालीचा खर्च निघावा, नफ्याचा लोभ नसावा. वनाज-रामवाडी व पिंपरी-चिंचवड-स्वारगेट या मेट्रोमार्गांच्या टोकांजवळ असे तळ शोधावेत, म्हणजे शनिवारी सकाळी मालकाला मेट्रोने जाऊन गाडी काढता येईल. महिन्यातून दोनदा एवढी पायपीट कोणास जड जाऊ नये.

जपानने १९६२ सालीच गाडी ठेवण्याच्या जागेविषयी कायदा केला. तेथे सामान्यतः घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचा दाखला दिल्याविना मोटारीची नोंदणी होत नाही. एवढी कडक अट आज पुण्यास लावावी असे आम्ही म्हणत नाही. तळच नसताना दाखला आणावयाचा कोठून? आगामी अंदाजपत्रकात महापालिकेने प्रथम दोन भूखंडांसाठी तरतूद करावी, त्यांचे भाडे जाहीर करावे, आणि ते खुले झाल्यावर रस्त्यावर ठाण मांडलेल्या गाड्यांना दहा तासांचा नियम लावण्यास सुरुवात करावी.