कोऱ्या लेटरहेडची किंमत

सरकारी कचेरीला माल पुरविणाऱ्या आमच्या वाचकांपैकी बहुतेकांकडे ओळखीच्या एखाद्या ठेकेदाराने कधी ना कधी ही मागणी केलेली असेल : "भाई, तुमचं एक कोरं लेटरहेड द्या, तिसरं कोटेशन कमी पडतंय." देणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. आज आपण त्याला दिले, उद्या तो आपल्याला देईल. जाते काय, तर एक कागद आणि एक सही!

या सहीचा हिशेब व्यापारी बांधवांनी एकदा नीट मांडून पाहावा, असे आम्हाला वाटते. तिन्ही दर एकाच टेबलावर टाईप झाले, तर कायद्याच्या भाषेत ते संगनमत होते. स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 3 ने अशा ठरवून भरलेल्या बोलीला मनाई केली आहे आणि कलम 27 नुसार उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. "आम्ही तर मालच पुरवला नाही, नफा कसला?" ही सबब येथे चालणार नाही, कारण दंड उलाढालीवरही बसतो. दहा टक्के म्हणजे कित्येक दुकानांची वर्षभराची कमाई.

दुसरी युक्ती तुकड्यांची. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत, ते लागू झाले तेव्हा, 25 हजार रुपयांपर्यंतची खरेदी कोटेशनशिवाय करण्याची मुभा होती. समजा, एखाद्या कचेरीला एक लाखाच्या चादरी हव्या आहेत. मग वीस-वीस हजारांची पाच बिले, पाच तारखा, दुकान मात्र एकच. वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे असे तुकडे पाडू नयेत, असे याच नियमांतील नियम 157 स्पष्ट सांगतो. अशा खरेदीत मार बसतो तो कारागिरालाच. ज्याच्या मागावर तीच चादर स्वस्तात निघाली असती, त्याला मागणी असल्याचे कळतसुद्धा नाही.

आमची तक्रार कायदा करणाऱ्यांविषयीही आहे. सरकारी खरेदीसाठी केंद्राचा स्वतंत्र कायदा व्हावा म्हणून 2012 साली लोकसभेत विधेयक आले. 2014 साली लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले. तामिळनाडूने 1998 मध्ये आणि कर्नाटकाने 1999 मध्ये आपापले कायदे केले. केंद्राचा कारभार मात्र आजही मुख्यतः नियमांवर चालतो. त्यामुळे मागणीचे तुकडे पाडणारा बाबू, लाच सिद्ध झाली नाही तर, सहसा खातेनिहाय चौकशीवर सुटतो. पुरवठादाराचे नाव मात्र काळ्या यादीत जाऊ शकते. हा न्याय आम्हाला एकतर्फी वाटतो.

लाचेची गोष्ट याहून कडक आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली आणि लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरला. शिक्षा सात वर्षांपर्यंत. एकच वाट मोकळी ठेवली आहे : जबरदस्तीने पैसे द्यावे लागले असतील, तर सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवायचे. आठव्या दिवशी ती वाट बंद. आमचे बरेच बांधव बिल अडकल्यावर सहा महिन्यांनी वकिलाकडे जातात, तोवर सांगण्यासारखे काही उरलेले नसते.

ज्यांना आपल्या भागातील कचेरीच्या खरेदीचा संशय आहे, त्यांनी चहाच्या टपरीवर कुरकुरत बसण्यापेक्षा माहिती अधिकारात अर्ज टाकावा. वर्षाची एकूण मागणी किती होती आणि त्यावर कोणत्या तारखांना, कोणाला, किती रकमेची बिले दिली, एवढेच विचारावे. केंद्रीय कचेरीसाठी फी 10 रुपये आहे आणि उत्तराची मुदत 30 दिवस.