डब्याचं वय, डोक्याचं वय

तर झालं असं की, आमच्या शेजारच्या आजींनी (अमेरिकन आहेत, पण आमची मुलं आजीच म्हणतात) गॅरेज रिकामं करताना नवऱ्याचा वर्कशॉपमधला व्हॅक्युम क्लीनर मला दाखवला. पत्र्याचं पिंप, वर मोटारीचं झाकण, क्राफ्ट्समन छाप. "लग्नाच्या वर्षी घेतला, १९५८," आजी ठामपणे म्हणाल्या. नातवाला विकताना चिठ्ठीवर तेच साल हवं होतं. जुनं साल, जास्त डॉलर!

आता आमची खोड. झाकणावरची पट्टी पुसून पाहिली. मॉडेल नंबर ११३ ने सुरू होणारा. सीअर्स ही यंत्रं स्वतः बनवत नसे, दुसऱ्यांकडून बनवून घेई. ११३ म्हणजे एमर्सन इलेक्ट्रिक. त्याखाली पेटंट नंबर, तीस लाखांच्या पुढचा. अमेरिकेत तीस लाखावं पेटंट सप्टेंबर १९६१ मध्ये दिलं गेलं. शेजारी विक्रेत्याचं स्टिकर, पत्त्यात पाच आकडी झिप कोड. तो आला १९६३ मध्ये. म्हणजे १९५८ बाद.

लोक इथेच चुकतात, असं माझं मत आहे. पेटंटचा नंबर 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगतो, बनवल्याचं साल नाही. तेच पेटंट पुढे कित्येक वर्षं छापत राहतात. आणि पट्टी झाकणावर असते, म्हणजे ती फक्त झाकणाची साक्ष देते. मोटार जळली की झाकण बदलायचं, पिंप तेच ठेवायचं, ही वर्कशॉपमधली साधी रीत.

मग पिंप पाहिलं. क्लिपांच्या बाजूला जुन्या रिव्हेटची बुजवलेली भोकं, रंगही झाकणाहून वेगळा! (आतली धूळ मात्र झटकू नका हो. जुन्या ब्रेकच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असे. आणि वायर तपासल्याशिवाय प्लग तर लावूच नका.)

आजींना भीतभीतच सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "हो, एकदा धूर निघाला होता खरा. फार चिडले होते ते."

नातू अजूनही १९५८ वर अडून होता. पण चिठ्ठी आजींनी स्वतः लिहिली: 'पिंप, घरच्यांच्या आठवणीप्रमाणे १९५८. झाकण १९६३ किंवा नंतरचं.' किमतीची जागा मात्र कोरीच ठेवली, आणि पिंप परत गॅरेजमध्ये नेऊन ठेवायला मलाच सांगितलं.