जाहीर इशारा : ३१ मार्चपर्यंत स्विच द्या

प्रोसेसर बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांनी नीट वाचावं. संगणकखरेदीच्या कागदांवर तांत्रिक मान्यतेची सही आम्ही करतो. ती आता गृहीत धरू नका.

इंटेलच्या २००८ नंतरच्या जवळपास प्रत्येक संगणकात मुख्य प्रोसेसरखेरीज आणखी एक छोटा प्रोसेसर असतो, मॅनेजमेंट इंजिन. संगणक बंद केला तरी वीज जोडलेली असेल तर तो जागा राहू शकतो. आत काय चाललंय ते मालकाला दिसत नाही. एएमडीकडेही असाच बंदिस्त प्रकार आहे.

‘कोड गुप्त आहे म्हणून सुरक्षित आहे’ हे पालुपद पुरे. १ मे २०१७ रोजी इंटेलनंच जाहीर केलेली चूक आठवा. दुरून संगणक हाताळण्याच्या एएमटी या सोयीत लॉगिन तपासताना, समोरून जितकी अक्षरं आली तितकीच जुळवली जात. कोणी काहीच पाठवलं नाही तर शून्य अक्षरं जुळवायची, आणि ती जुळणारच! कोऱ्या उत्तरावर अ‍ॅडमिनचा ताबा. २०१० च्या सुमारापासूनच्या फर्मवेअरमध्ये हे भगदाड होतं. कोड समोर असता तर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या पोरानंही ती ओळ पकडली असती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संशोधकांना या इंजिनात एक दडवलेला बिट सापडला. तो चालू केला की सुरुवातीची कामं उरकून इंजिन थांबतं. अमेरिकी सरकारच्या एका सुरक्षा कार्यक्रमासाठी ही सोय ठेवल्याचं इंटेलनं मान्य केलं. वॉशिंग्टनला जे मिळतं ते आम्हाला का नाही?

खुल्या हार्डवेअरच्या गोटानंही हुरळून जाऊ नये. रिस्क-फाइव्हचा आज्ञासंच खुला आहे, म्हणून तिथली प्रत्येक चिप खुली ठरत नाही. टी-हेड या कंपनीनं त्यावरच्या सी९१० प्रोसेसरचा आराखडा खुला केला, तरी २०२४ मध्ये त्या प्रोसेसरमध्ये घोस्टराइट ही गंभीर त्रुटी निघालीच. उपाय काय, तर व्हेक्टरचा अख्खा विभाग बंद. वेग गेला; पण तो विभाग बंद करणं निदान मालकाच्या हातात आहे.

३१ मार्चपर्यंत दोन गोष्टी लेखी हव्यात : इंजिन थांबवण्याचा अधिकृत मार्ग, वॉरंटीला धक्का न लावता, आणि त्याच्या फर्मवेअरचा पूर्ण सोर्स, तपासणीसाठी खुला. नाहीतर १ एप्रिलपासून एकाही नव्या यंत्रावर आमची सही होणार नाही. आयआयटी मद्रासचा शक्ती किंवा सी-डॅकचा वेगा प्रोसेसर उद्या टेबलावरच्या संगणकाची जागा घेणार नाही, हे आम्हाला कळतं. जुनी यंत्रं दुरुस्त करून चालवू. त्यांतही तेच इंजिन आहे, पण नवा पैसा तुमच्याकडे जाणार नाही.

उत्तर आलं नाही तर तो नकार समजला जाईल. मुदतवाढ मिळणार नाही.