आजीच्या प्रश्नाला रकाना नाही
(अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या कार्यकारी परिषदेला खुले पत्र)

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य, कार्यकारी परिषद,
अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, नवी दिल्ली



मी वऱ्हाडातल्या एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो. गेली वीस-बावीस वर्षं पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या विहिरींचं पाणी तपासत आलो आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या भागाला आम्ही खारपाणपट्टा म्हणतो. जवळपास नऊशे गावं त्यात येतात. वर खोल काळा गाळ, खाली खारं पाणी. त्या पाण्यावर ओलीत केलं की जमीन चोपण होत जाते, आणि प्यायला घेतलं तर घोट उतरत नाही.

काही वर्षांपूर्वी पट्ट्यातल्या एका गावात बाटल्या भरत असताना एक म्हातारी आजी विहिरीपाशी येऊन उभी राहिली. तिचा मुलगा किडनी निकामी होऊन गेला होता, आणि पुतण्या डायलिसिसवर होता. ती म्हणाली, “पाणी त आमच्या आज्यापासून हेच हाय. मंग आताच किडन्या काहून जाऊन रायल्या?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूने किडनीच्या आजाराच्या बातम्या कित्येक वर्षं येत आहेत, आणि खारं पाणी हेच कारण असं गावोगावी धरून चालतात. मीही तसंच धरलं होतं. आजीने एका वाक्यात माझं गृहीतक मोडलं. पाणी तेच असेल तर बदललं काय? उघड्या विहिरी सोडून लोक बोअरच्या खोल पाण्यावर आले, ते? कपाशीवरच्या फवारण्या वाढल्या, ते? पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दिवसभर राबल्यावर अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या? की आजार पूर्वीही होता, फक्त रक्तातलं क्रिएटिनिन तपासणारं कोणी नव्हतं, म्हणून माणूस ‘सुजून गेला’ एवढंच घरात सांगत राहिले?

यातला पहिला प्रश्न माझा आहे. दुसरा मृदाशास्त्रज्ञाचा आणि रसायनशास्त्रज्ञाचा, तिसरा डॉक्टरचा. चौथ्यासाठी घराघरांत बसून मागच्या दोन पिढ्यांचे मृत्यू आठवायला लावणारा समाजशास्त्रज्ञ हवा. हे कोडं आपल्याच वाट्याला आलं आहे असंही नाही. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात १९९०च्या दशकापासून, आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उड्डाणम भागात, मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांत असाच आजार दिसतो. कुठे पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि कठीणपणावर बोट ठेवलं जातं, कुठे कीटकनाशकांवर, कुठे उन्हातल्या कष्टावर. सगळीकडचे अभ्यासक वाद घालत आहेत, कारण एका विद्याशाखेच्या हाताला हा आजार लागतच नाही.

म्हणून आम्ही पाच जण एकत्र आलो. मी, एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर, कृषी विद्यापीठातले मृदाशास्त्रज्ञ, समाजशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आणि एक संख्याशास्त्रज्ञ. प्रस्ताव लिहायला आम्हाला चौदा महिने लागले. त्यातले पहिले सहा महिने कशात गेले, ते आपल्याला मुद्दाम सांगावंसं वाटतं. ते गेले एकमेकांचे शब्द कळण्यात. ‘नमुना’ म्हटलं की मला पाण्याची बाटली दिसते. डॉक्टरांना रक्ताची नळी दिसते आणि बाईंना निवडलेल्या कुटुंबांची यादी. तीन बैठका आम्ही ‘नमुने किती?’ यावर भांडलो आणि चौथीत कळलं की आम्ही तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो. त्या दिवशी खरा प्रकल्प जन्मला. ज्या घरातलं रक्त, त्याच घरातलं पाणी, त्याच घराचं शेत आणि त्याच घराची आठवण, असा आराखडा तेव्हा कुठे हाती आला. त्या सहा महिन्यांचं बसभाडं, चहा, दोन गावांतली चाचणी पाहणी, सगळं आम्ही खिशातून केलं. त्यासाठी कुठल्याही योजनेत पैसा नव्हता, कारण योजनांच्या लेखी प्रकल्प मंजुरीपत्राच्या तारखेला सुरू होतो.

मग अर्ज. ज्या संस्थेकडे आम्ही गेलो तिचं नाव मी इथे घेत नाही. तक्रार एका संस्थेबद्दलची नाही. ऑनलाइन अर्जात विषयाचा रकाना एकच होता आणि यादीतून एकच विषय निवडता येत होता. आम्ही भूशास्त्र निवडलं. पाच संस्थांची संमतिपत्रं हवी होती. महाविद्यालय एका खात्याचं, वैद्यकीय महाविद्यालय दुसऱ्याचं, कृषी विद्यापीठ तिसऱ्याचं. प्रत्येकाच्या पत्राचा नमुना वेगळा, प्रत्येकाची एथिक्स कमिटी वेगळी किंवा मुळातच नाही. सात महिन्यांनी उत्तर आलं. एका परीक्षकाने लिहिलं होतं की भूशास्त्रीय भागात नावीन्य नाही. दुसऱ्याने लिहिलं की वैद्यकीय भाग या समितीच्या कक्षेत येत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मात्र पाण्याची आणि रक्ताची गाठ जिथे मारली होती, ते पान दोघांपैकी कोणाचंच नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही तोच प्रस्ताव आरोग्याच्या दाराशी नेला. तिथे विचारलं गेलं, यात भूशास्त्रज्ञ कशाला?

आता हे आपल्याला का लिहितो आहे ते सांगतो. २०२३च्या कायद्याने आपली संस्था उभी राहिली, ५ फेब्रुवारी २०२४ला तो लागू झाला आणि जुनं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ आपल्यात विलीन झालं. तो कायदा मी लक्षपूर्वक वाचला आहे. त्यात निसर्गविज्ञान आहे, पर्यावरण आणि भूविज्ञान आहे, आरोग्य आहे, शेती आहे, आणि मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रं जिथे विज्ञान-तंत्रज्ञानाला भिडतात तो भागही आहे. आमच्या प्रकल्पातली पाचही माणसं एका कायद्याच्या एका वाक्यात बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. पूर्वी आम्हाला ज्या वेगवेगळ्या दारांवर फिरावं लागलं, ती सगळी उघडण्याचा अधिकार आज आपल्याकडे आहे. दार उघडल्यावर आत पुन्हा विषयवार खोल्या निघाल्या तर मात्र तो अधिकार फुकट जाईल.

माझी पहिली मागणी पैशाने सगळ्यात लहान आहे, पण तिच्यावर बाकीचं सगळं उभं आहे. मोठा बहुविद्याशाखीय प्रस्ताव मागवण्याआधी तो घडवण्यासाठी वर्षभराचं छोटं अनुदान द्या. दहा-पंधरा लाख पुरतात. त्यात गटाने भेटावं, दोन गावांत चाचणी करावी, शब्द जुळवावेत, आणि वर्षाअखेरी एकतर पूर्ण प्रस्ताव द्यावा किंवा ‘हे आमच्याने होणार नाही’ असं प्रामाणिकपणे लिहून द्यावं. तसं लिहून देणाऱ्याला पुढच्या वेळी नापास समजू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात नियोजनासाठी वेगळे प्रस्ताव घेतले जातात. जर्मनीत १९६८पासून चालत आलेल्या सहयोगी संशोधन केंद्रांच्या योजनेत आधी मसुदा पाहिला जातो, मग परीक्षक त्या विद्यापीठात जाऊन गटाला समोरासमोर प्रश्न विचारतात, आणि काम चांगलं असेल तर टप्प्याटप्प्याने बारा वर्षांपर्यंत पाठबळ मिळतं. हे श्रीमंतांचे चोचले मानू नयेत. आपल्या प्रश्नांचा गुंता त्यांच्याहून कमी नाही.

आणि आपल्याकडेही हे घडलेलं आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८पासून दशकाहून अधिक काळ तिथे हंगामामागून हंगाम उत्खनन केलं. जळक्या धान्याचे दाणे ओळखणारे, जनावरांची हाडं वाचणारे, माणसांचे सांगाडे तपासणारे अभ्यासक त्या एका जुन्या वस्तीच्या पांढरीवर काम करत होते. म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव काय पेरत होतं, काय खात होतं, लहान मुलांना कसं पुरत होतं, एवढ्या तपशिलात आज आपल्याला सांगता येतं. तिथे हाडांचा प्रस्ताव वेगळा आणि दाण्यांचा वेगळा असता तर दोन चांगले शोधनिबंध झाले असते आणि गाव कळलं नसतं.

परीक्षणाबद्दल एवढंच म्हणणं आहे की ते एका टेबलाभोवती व्हावं. पाच विषयांच्या पाच परीक्षकांना पाच ठिकाणी पीडीएफ पाठवून गुणांची सरासरी काढली, की प्रत्येकाला आपल्या विषयाचा भाग पातळ वाटतो आणि जोडाचं मोल कोणीच करत नाही. त्यांना एकत्र बसवा, अर्जदारांना समोर बोलवा, आणि नकार द्यायचा असेल तर त्याची कारणं पानभर लिहून द्या. दोन ओळींच्या नकारातून कोणी शिकत नाही.

पैशाच्या वेळापत्रकाकडे तर आपण तातडीने बघायला हवं. आमच्या कामाचा सगळ्यात मोलाचा नमुना मे महिन्यात मिळतो, पावसाच्या आधी, विहिरी तळाला गेलेल्या असताना आणि क्षार चढलेले असताना. ३१ मार्चला न खर्चलेला निधी परत जातो. मग उपयोगिता प्रमाणपत्र, लेखापरीक्षण, पुढच्या हप्त्याची वाट. पूर्वीच्या एका लहान प्रकल्पात माझ्या प्रोजेक्ट असिस्टंटला एप्रिलपासून जुलैपर्यंत पगार मिळाला नाही. तो पोरगा शेतकऱ्याच्या घरचा. मे महिन्यात त्याने मोटारसायकलवर फिरून बाटल्या भरल्या, पेट्रोल मी दिलं, आणि जूनमध्ये तो खासगी नोकरीला निघून गेला. त्याच्याबरोबर कुठल्या विहिरीची मालकी कोणाची आणि कोणत्या घरात कोण आजारी, हे सगळं ज्ञान गेलं. संशोधनाच्या अनुदानावरचा जीएसटी माफ करायचं सप्टेंबर २०२४मध्ये ठरलं, जून २०२५मध्ये वैज्ञानिक खरेदीच्या मर्यादा वाढल्या आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलबाहेर उपकरणं घेण्याचा अधिकार कुलगुरूंना व संचालकांना मिळाला. हे निर्णय फार चांगले झाले, आणि इच्छा असली की नियम बदलतात हेही त्यातून दिसलं. तशीच इच्छा मार्च ते जुलैच्या या खिंडाराबाबत दाखवा. क्षेत्रकामाच्या प्रकल्पांना निधी पुढच्या वर्षात नेण्याची मुभा हवी, आणि पाच संस्थांमध्ये धावणाऱ्या समन्वयकाचा व माहिती सांभाळणाऱ्या माणसाचा पगार अंदाजपत्रकात उघडपणे धरता यायला हवा. आज ते काम प्रमुख संशोधक रात्री घरी बसून करतो.

आपल्या ‘पेअर’ योजनेत मोठी संस्था हब आणि आमच्यासारख्या संस्था स्पोक, अशी रचना आहे. तिचा हेतू मला मान्य आहे. राज्य विद्यापीठांना उपकरणं आणि सोबत मिळेल. पण हब होण्याची पात्रता शिक्षणसंस्थांच्या एनआयआरएफ क्रमवारीशी बांधलेली आहे, आणि खारपाणपट्टा कुठल्याच क्रमवारीत नाही. काही प्रश्न असे असतात की त्यांचा आस प्रश्नाच्या गावातच हवा. इथे अकोला किंवा अमरावती हब आणि एखादी आयआयटी स्पोक, हे का होऊ नये? त्यांचं मास स्पेक्ट्रोमीटर आम्हाला लागेल. पण कोणत्या विहिरीत दोर सोडायचा, ते इथल्या माणसाला ठाऊक आहे.

पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करायचं आपलं उद्दिष्ट आहे आणि त्यातले सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून यावेत अशी अपेक्षा आहे. ते यावेत. बॅटऱ्या, चिप्स, औषधं यांसाठी उद्योग पुढे येतील, कारण तिथे बाजार आहे. कोरडवाहू हरभरा-कपाशी करणाऱ्या माणसाची किडनी का गेली, यात कोणत्याही कंपनीला नफा नाही. म्हणून आपल्याकडे जो सरकारचा पैसा आहे, त्यावर या आजीचा हक्क सगळ्यात आधी लागतो असं मी मानतो. उत्तर ‘पाणी नव्हे’ असं निघालं तरी ते तेवढंच मोलाचं असेल. आज लोक पाण्याला दोष देऊन गोळ्या घेतच आहेत.

आमचा गट अजून मोडलेला नाही. डॉक्टरांची बदली झाली आहे, तरी ते महिन्यातून एकदा येतात. समाजशास्त्राच्या बाईंनी स्वतःच्या विद्यार्थिनींना घेऊन चार गावांतल्या घरांच्या मृत्यूंची वही पूर्ण केली आहे. दोन वर्षांचे पाण्याचे नमुने माझ्या प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये चिकटपट्टीवर तारीख आणि विहिरीचा क्रमांक लिहून ठेवलेले आहेत. प्रस्तावाची पाचवी आवृत्ती तयार आहे. तिच्या पहिल्या पानावर आम्ही विषयाचं नाव लिहिलेलं नाही, आजीचा प्रश्न लिहिला आहे.

येत्या मे महिन्यात आम्ही पुन्हा त्या गावांत जाणार आहोत. आपल्यापैकी कोणी सोबत आलं तर आम्हाला आनंद होईल. ते शक्य नसेल, तर हा प्रस्ताव आपल्या कोणत्या समितीकडे पाठवायचा, तेवढं कृपया कळवावं.

आपला,
खारपाणपट्ट्यातला एक भूशास्त्र शिक्षक