कन्फर्म?

गेल्या शनिवारी ठाण्याला मावशीकडे गेलो होतो. मावशीने दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे खूण केली. आत माझा धाकटा मावसभाऊ जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून बसला होता. समोर कपाटाच्या दारावर ए-३२० विमानाच्या कॉकपिटचं भलंमोठं पोस्टर. शेजारी स्टुलावर दोन पळ्या. पठ्ठ्या स्वतःशी पुटपुटत कागदावरची बटणं दाबत होता.

"महिना झाला, हे असंच चाललंय," मावशी म्हणाली. "झोपेत पण बडबडतो."

तर मंडळी, आमचे बंधुराज एका विमान कंपनीत लागलेत. आपल्याकडे कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं. त्याचे बहुतेक तास छोट्या, एका पंख्याच्या विमानावर गेलेले. आता एकदम दोन जेट इंजिनं आणि मागे पावणेदोनशे माणसं. मधला पूल म्हणजे टाईप रेटिंग: आधी वर्ग, मग हे कागदी कॉकपिट, मग सिम्युलेटर, आणि त्यानंतर ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून खरी उड्डाणं.

मला आधी हसू आलं. इतकी ऑटोमेशनवाली मशीन, आणि शिकायचं कसं, तर पाढे पाठ केल्यासारखं! पण तासभर त्याच्याजवळ बसलो आणि हसू जरा कमी झालं.

नेहमीच्या कामात ते यादी वाचून बटणं दाबत नाहीत. ठरलेल्या क्रमाने पाठ असलेल्या हालचाली करून टाकतात. त्याला ते 'फ्लो' म्हणतात. यादी येते नंतर, फक्त महत्त्वाच्या गोष्टी राहिल्या नाहीत ना हे बघायला. काही बिघडलं की बरोब्बर उलटं. मोजक्या तातडीच्या गोष्टी पाठ असतात, बाकी सगळं आधी वाचायचं आणि मग करायचं. टेकऑफला इंजिन गेलं तर ४०० फूट उंची होईपर्यंत चाकं वर घ्यायची आणि विमान सरळ उडवायचं. बिघाडाला हातच लावायचा नाही. (आपल्याकडे अलर्ट आला की पहिल्या मिनिटात पाच जण टर्मिनल उघडतात, ते आठवलं.)

आणि मग ती पळीवाली गोष्ट. बिघडलेलं इंजिन बंद करायचं तर त्याच्या लिव्हरवर हात ठेवायचा, नंबर मोठ्याने बोलायचा, विचारायचं, "कन्फर्म?" आणि थांबायचं. दुसरा स्वतःच्या डोळ्यांनी बघून "कन्फर्म" म्हणेपर्यंत हात हलवायचा नाही.

"सोपंय की," मी म्हणालो.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "दादा, बुधवारी मी त्यातच गंडलो." सिममध्ये एक नंबरचं इंजिन गेलं. समोर स्क्रीनवर तसं स्वच्छ लिहून आलं होतं. कॅप्टनच्या सीटवरच्या इन्स्ट्रक्टरने मुद्दाम दोन नंबरच्या लिव्हरवर हात ठेवला आणि शांतपणे विचारलं, "कन्फर्म?" आणि हा म्हणाला, "कन्फर्म."

"दिसलं नाही?"

"हात दिसला. पण सर वीस वर्षं उडवतायत. वाटलं, त्यांना माहीत असणार."

हे काही सिममध्येच घडतं असं नाही. ८ जानेवारी १९८९ ला लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोईंग ७३७ चं डावं इंजिन बिघडलं आणि वैमानिकांनी उजवं बंद केलं. उजव्याची पॉवर कमी केल्यावर योगायोगाने थरथरही कमी झाली, त्यामुळे त्यांची खात्री आणखी पक्की झाली. केगवर्थ गावाजवळ विमान पडलं, ४७ माणसं गेली. कॅप्टनने उजव्या इंजिनाची घोषणा केली तेव्हा मागे काही प्रवाशांनी डाव्या बाजूच्या ज्वाळा बघितल्या होत्या. कोणी बोललं नाही. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत एटीआर विमानाचं दोन नंबरचं इंजिन गेलं आणि कॅप्टनने एक नंबरची लिव्हर मागे ओढली. शेजारच्या वैमानिकाने 'थांबा, तपासून घेऊ' असं म्हटलं, पण हात आधीच हलला होता. ४३ माणसं गेली. यातला कोणीही अडाणी नव्हता. त्यांना खात्री होती, हाच घोळ होता.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी, एका जुन्या नोकरीत, शुक्रवारी संध्याकाळी माझ्या स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या. एक टेस्टची, एक प्रॉडक्शनची. ऑर्डर्सचं टेबल मी उडवलं... प्रॉडक्शनमधलं. बॅकअपवरून सगळं उभं करायला शनिवारची पहाट झाली. माझ्या शेजारी एक ट्रेनी मुलगा बसला होता. खिडकी चुकीची आहे हे त्याने बघितलं होतं. नंतर चहाच्या टपरीवर अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

बुधवारच्या सिममधलं तेच वाक्य.

आपण प्रोसेसला नावं ठेवतो, कारण ती नवशिक्यांसाठी असते असं आपल्याला वाटतं. मला काम येतं, मग मला यादी कशाला? माझं मत आता उलटं झालंय. नवशिका घाबरत, दहादा बघून काम करतो. प्रोसीजर लागते ती दहा वर्षं मुरलेल्या माणसाला, ज्याचा हात मेंदूच्या आधी पोचतो. आणि शेजारच्या ज्युनियरलाही तिचाच आधार असतो. "सर, चुकताय" म्हणायला आपल्याकडे फार मोठी छाती लागते. पण सरांनीच विचारलं असेल, तर उत्तर देणं हे त्याचं काम होतं, आगाऊपणा नाही.

मान्य, याचंही कर्मकांड होतं. आरतीसारखं तोंडाने चालू आणि डोळे प्रसादाकडे. आमच्याकडे कोड रिव्ह्यूवर दहा सेकंदात 'छान आहे' लिहून मोकळे होणारे आहेतच (त्यात मीही आलो). आणि प्रत्येक बटणाला दोन माणसं लावली तर कामच होणार नाही. पण विमानातही प्रत्येक बटणाला कन्फर्म नसतं. जे सहज परत फिरवता येत नाही, तिथेच असतं. आपल्या कामात अशा जागा किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिथे पाच सेकंद थांबायला काय जातं?

सध्या मी टीममध्ये एवढंच सुरू केलंय. प्रॉडक्शनमधलं काही उडवायचं असेल तर सर्व्हरचं नाव मोठ्याने वाचायचं, विचारायचं आणि थांबायचं. उत्तर शक्यतो सगळ्यात ज्युनियर माणसाने द्यायचं. पहिल्या आठवड्यात सगळे हसले. अजूनही काही जण हसतात.

असो. जेवणं झाल्यावर बंधुराजांनी मला कॅप्टन केलं. म्हणाला, "एक नंबर गेलंय." मी आमटीची पळी सोडून भाताच्या पळीवर हात ठेवला आणि जमेल तेवढ्या जरबेने विचारलं, "कन्फर्म?"

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. हाताकडे बघितलं.

"नाही दादा. तुमचा हात दोनवर आहे."

एरवी हा मला अरे-तुरे करतो.