नेम आधी, पिस्तूल नंतर

मैत्रिणींनो, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्यपदक मिळवलं. तुमच्याही लेकीनं हट्ट धरलाय का, "आई, मला पिस्तूल घे"?

घाई नको. पहिले दोन-तीन महिने क्लबचंच पिस्तूल वापरू द्या. गोडी टिकली तरच पैसे मोडा.

घेताना आधी वजन पाहा. स्पर्धेत दीड किलोपर्यंत चालतं, पण ते एकाच हातानं पेलायचं असतं. कोवळ्या मनगटाला हलकंच बरं. मूठ तळहातात नीट बसावी. डावखुरीसाठी वेगळी मिळते. स्प्रिंगचं पिस्तूल स्वस्त, पण धक्का देतं नि ताणायला जोर लागतो. दाबलेल्या हवेचं महाग, पण हात स्थिर राहतो. जुनं घेत असाल तर सिलिंडरवरची मुदत आधी वाचा. छरे ४.५ मिलिमीटरचे, चपट्या तोंडाचे घ्या.

या मापाच्या, २० ज्यूलपर्यंतच्या पिस्तुलाला आपल्याकडे परवाना लागत नाही. म्हणून ते खेळणं नव्हे! छऱ्यानं डोळा जाऊ शकतो. पिस्तूल आणि छरे वेगवेगळ्या कुलपात ठेवा, किल्ल्या तुमच्यापाशी. छरे शिशाचे असतात. सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय खाऊच्या डब्याला हात नाही.

खर्च मोठा आहे, खरंय. परवडत नसेल तर लेकीला तसं सरळ सांगा. क्लबचं पिस्तूल आहेच. पण "मुलीच्या जातीला हे कशाला?" एवढं मात्र म्हणू नका हं!